वेशीवरचा पंजा फोडावा

मी, कैलासवासी गवंड्याची बायको, वय एकोणऐंशी, कुणाच्या धाकाने नाही, कुणाच्या लाडीगोडीने नाही, आपल्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. शाळा तिसरीपर्यंत, ऱ्हस्वदीर्घ पोटात घालावं. डोकं शाबूत आहे. मंगळवारी मात्र चांगलंच हादरलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मंगळवारी भाजी घेऊन येते तर गावच्या जुन्या वेशीपाशी ही गर्दी! कमानीच्या आत चुन्यात उमटलेला पंजा आहे, त्याला रातोरात काच लावलेली, खाली पितळी पाटी : ‘चारशे वर्षांपूर्वीच्या अज्ञात कारागिराचा हात.’ माझी पिशवीच गळून पडली. अहो, करंगळी बघा की! वाकडी. लहानपणी दारात चेंगरलेली माझी करंगळी ती! अज्ञात कसली, मागच्या गल्लीत राहते मी.

एक पोरगी म्हणाली, “आजी, सरका ना, फोटो काढायचाय.”

“काढ बाई, हाही काढ,” म्हणून मी हात पुढे केला. ती हसली.

त्याचं असं झालं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ह्यांना वेशीच्या गिलाव्याचं काम मिळालं. भिंतीत जुना, कोरीव अक्षरांचा दगड होता. ओव्हरसियर म्हणाला, सगळं लिंपून सपाट करा. ह्यांचा जीव होईना. गिलावा ओला होता तोवर मला म्हणाले, “इथे पंजा दाब. कधी शहाणा माणूस आला तर दगडाची जागा दाखवता येईल.” शहाणा माणूस यायला साठ वर्षं लागली, आणि तो खुणेलाच काच लावून गेला!

आता वाटण्या. राहतं घर लेकीला. माझी दुखणी तिने काढली. ह्यांची गवंडीकामाची थापी आणि ओळंबा नातीला. भिंतीवर शोभेला टांगायचे नाहीत, वापरायचे. मोठं पातेलं सुनेला. ते तिने बारा वर्षांपूर्वीच नेलंय, पण आता ते खरोखर तिचं.

थोरला कंत्राटदार आहे. वेस पाडून रस्ता रुंद करायचं काम त्याच्याकडे. पंजामुळेच ते अडलंय, आता वेस ठेवायची की पाडायची याची सुनावणी आहे. माझ्याकडून हकिकत ऐकून नाचलाच. “आई, बरं झालं! सुनावणीत तुझी करंगळीच दाखवतो. पाटी खोटी ठरली की वेस गेली!” घरची भांडणं वेशीवर टांगू नयेत म्हणतात, इथे तर वेसच भांडणात. पोटच्या पोराने आईचं बोट साक्षीला काढावं? ‘त्याला काही देऊ नये’ असं लिहिलं होतं. खोडलंय, पण वाचता येईल इतपतच. त्याला ह्यांची सायकल द्यावी.

मग मी स्वतःच पाटी लावणाऱ्या पुराणवस्तूवाल्या साहेबाकडे गेले. करंगळी दाखवली, आत खरोखरचा जुना दगड आहे, तोच वेस वाचवील, हेही सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक.

“आजी, दगड बघायचा तर पंजा फोडावा लागेल. आणि आत काही निघालं नाही तर?”

“निघेल. मी पाहिलाय. आमचे हे आळशी होते, खोटारडे नव्हते.”

“पण फोडायचं म्हणजे…”

“ज्याचा हात त्याने सांगायचं. लेखी देते.”

तेच हे शेवटचं कलम. बाकीची माझ्या माघारी, हे मात्र मी जिवंत असताना, सुनावणीच्या आधी अमलात आणावं. पंजा फोडावा आणि दगड उघडा करावा. मला समोर खुर्ची द्यावी.

एक विनंती. माझा हात थरथरत होता म्हणून ह्यांनी मनगट धरलं होतं. तिथे चुन्यात ह्यांचा अंगठा उमटलाय, पाटीवाल्यांना तो दिसलेला नाही. ह्यांचा एकही फोटो घरात नाही. बाजारातून येताना रोज मी तिथे अंमळ थांबायचे ती त्यासाठी. छिन्नी बोटांकडून चालवावी. अंगठा सगळ्यात शेवटी.

सही : गवंड्याची बायको (स्वहस्ते)
साक्षीदार : १. शेजारचा शिंपी. २. डॉक्टरीणबाई, माझं डोकं तपासून.
ठिकाण : माझं स्वयंपाकघर
तारीख : सुनावणीच्या आधीचा सोमवार