रसायनाचं क्रेडिट

प्रिय लोर्ना,

सरोवरावरून ऑरिन तुझी आठवण काढतो आहे. मी खुशाल आहे, गुडघाही बरा आहे. उद्या डेट्रॉइटपाशी टपालाची होडी आमच्या बोटीला लागेल, तिच्यावर हे पत्र देतो. तुझा खोकला गेला का?

परवा बंदरातून सिग्नेला फोन केला. हायस्कूलमध्येच तिने कॉलेजच्या पातळीचे जे विषय केले, त्यांची सगळी क्रेडिट्स विद्यापीठाने धरली आहेत. म्हणजे नियम मी बरोबर वाचले होते, हे तुझ्या भावाला जरूर सांग.

पण पोरगी म्हणते, "बाबा, रसायनाचं क्रेडिट मला सोडायचंय. त्याच्यामुळे थेट पुढच्या वर्गात बसवलंय, आणि मला काही कळत नाहीये."

"अगं, पाचपैकी चार मिळालेत तुला!"

"ते परीक्षेत. तुम्ही बोटीवर नवख्या माणसाच्या हातात एकदम मोठं इंजिन देता का?"

नाही देत. मी म्हटलं, "सोड."

आता रसायन पहिल्यापासून करायचं, म्हणजे त्यावरचे सगळे विषय मागे सरकणार. क्रेडिट्समुळे एक वर्ष वाचून तीन वर्षांत होणारी पदवी पुन्हा चारवर जाईल. तू तिच्यावर रागावू नकोस. नीट जेवते का, तेवढं विचार.

तिची पदवी झाली की मी बोटीवरची नोकरी सोडणार, म्हणून तू स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने साल लिहून ठेवलं आहेस. मी सुट्टीवर येण्याआधी ते बदलून ठेव. तुझ्यासमोर मला ते पुसवणार नाही.

सदैव तुझाच,
ऑरिन