पान एकेचाळीसवरची काच

प्रिय ढब्बू,

साहेब म्हणायची जिभेला सवय झाली आहे, पण हे पत्र ऑफिसचं नाही, तेव्हा आज ढब्बूच. तुझं पुस्तक पोचलं. आत ‘ताईस सप्रेम’ लिहिलंयस. प्रयोगशाळेत कधी ताई म्हणाला नाहीस, कागदावर तरी म्हटलंस.

ज्वालामुखीच्या काचेला खडक म्हणायचं की नाही, तो धडा मी दोनदा वाचला. लाव्हा इतका चटकन थिजतो की स्फटिक धरायला वेळच मिळत नाही. स्फटिक नाहीत म्हणून ती खनिज नव्हे, पण पृथ्वीच्या पोटातून आली म्हणून खडकच. छान समजावलंयस. तुझं शिक्षण व्हावं म्हणून मी कॉलेज सोडून दगड कापायच्या यंत्रावर बसले. वीस वर्षं दगडाचे काप डिंकाने काचपट्टीवर चिकटवून, घासून केसाहून पातळ केले, तेव्हा एवढं मलाही कळत होतं.

प्रयोगशाळेत पाहुणे आले तो दिवस आठवतो? तू नवाकोरा अधिकारी. ज्वालामुखीच्या काचेची माझी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीस, प्रकाश गाळणारे दोन्ही फिल्टर एकमेकांना आडवे लावलेस आणि सगळं काळंकुट्ट. आडव्या फिल्टरांतून फक्त स्फटिकच उजळतात, ते नसले की तसंच दिसणार. एक फिल्टर काढला असतास तर काच दिसली असती. पण तू सगळ्यांदेखत म्हणालास की स्लाइडवर खडक नाहीच, नुसता डिंक उरलाय, या बाईंचं हल्ली लक्ष नसतं. या बाईंचं! मी तोंड उघडलं असतं तर तुझं हसं झालं असतं, म्हणून मूग गिळून बसले. पुढच्याच आठवड्यात मला यंत्रावरून उठवून गोदामात नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. अठरा वर्षं चिकटवतेय. वाटायचं, पोराला खरंच कळलं नाही.

काल पान एकेचाळीस उघडलं. काचेचा फोटो, आणि डाव्या कोपऱ्यात शेंगदाण्याएवढा बुडबुडा. त्याच स्लाइडच्या डिंकात तो बुडबुडा माझ्या हातून राहिला होता. माझी चूक मी नाही ओळखणार? म्हणजे तू नंतर फिल्टर काढून पाहिलंस. तुला माहीत होतं. कधीपासून रे?

शुक्रवारी माझा निरोप समारंभ. तू भाषण करणार, घड्याळ देणार असं कानावर आलंय. घड्याळ नको. ती स्लाइड घेऊन ये आणि सगळ्यांसमोर सांग की ती रिकामी नव्हती. जमत नसेल तर ताप आलाय म्हणून घरी बस. लहानपणी शाळा चुकवायला हेच सांगायचास, आणि मी आईसमोर तुझी री ओढायचे. या वेळी नाही ओढणार.

तुझीच, शुक्रवारपर्यंत तरी,
ताई