शाल कोणी उसवायची नाही

मी, खाली सही करणारी, वय चोवीस, मुक्काम सध्या वेतवाले काकांच्या दुकानाचा माळा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवते. धाक नाही हे खरं, कटकट मात्र आहे. काका समोर बसून वेत भिजवतायत आणि दर दोन ओळींनी "एवढं काय लिहितेस?" विचारतायत.

आधी कारण. आमच्या विणण्या-शिवण्याच्या धंद्यात काम धरताना पहिल्या गाठीत स्वतःचा श्वास फुंकतात. म्हणून तर आमच्या खुर्चीत बसलेल्याची पाठ दुखत नाही. शेवटची गाठ मारली की श्वास परत मिळतो. काम अर्धवट टाकलं तर तो तिथंच अडकतो, आणि दुसऱ्याने पुरं केलं तर त्याचा होतो. काकांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा खिडकीतून रंगाऱ्याची शिडी बघत होते. तो एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाने डबा... असो.

सहा वर्षांत पाच कामं अर्धी टाकून मी पुढे गेले. मासेमारीचं जाळं नावेसकट बुडालं. दोन टोप्या टोपीवाल्याच्या दुकानाबरोबर जळाल्या. उरलेल्या दोन कामांचं खाली येईल. आता जिन्याच्या चौथ्या पायरीवर मला बसावं लागतं. काका म्हणतात, या दमावर फार तर दोन महिने.

कलम एक. माझी कात्री आणि दाभण शिंपीणबाईंना. कात्री मुळात त्यांचीच आहे. हे मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

कलम दोन. खोगीरवाल्याला काहीही नाही. मी सोडलेला पट्टा त्याने सगळं ठाऊक असून पुरा केला. आता साठीचा माणूस शीळ घालत चढ चढतो. परत मागायला गेले तर म्हणाला, "टाकून गेलीस ना? टाकलेलं कोणाचं असतं मग?" उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्याने निदान शीळ तरी सुरात घालावी.

कलम तीन. बूट ज्याच्या पायाला येतील त्याचे. तळ मजबूत आहेत, त्यांना बरेच दिवस काम नाही.

कलम चार. शाल.

ताईची छाती लहानपणापासून नाजूक. राहते तिसऱ्या मजल्यावर, उतरायची आठवड्यातून एकदा. तिच्यासाठी मी शाल विणायला घेतली आणि निम्म्याच्या वर झाली होती, एवढ्यात नदीपलीकडे घंटा ओततात असं कोणीतरी सांगितलं. गेले बघायला. दोन वर्षांनी परतले तर ताईनेच जिन्यात गाठलं, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस? ही माझी तिसरी खेप. दम म्हणून लागत नाही!"

"शाल कोणी पुरी केली, ताई?"

"मीच, दुसरं कोण? शेजारणीला टाके बंद कसे करायचे विचारलं. तुझी वाट बघत बसले असते तर गारठून गेले असते, बये."

काकांचं म्हणणं सोपं आहे. "शेवटची ओळ उसव आणि तू बंद कर. घटकाभराचं काम. तिचं होतं तेवढं तिच्याकडे राहीलच."

"होतं तेवढं म्हणजे आठवड्यातून एक जिना, काका."

"आणि तुझं?"

मी हे मोठ्या मनाने करत नाहीये, चिडून करतेय. मला अजून घंटा ओतताना धड बघायच्या होत्या. पोचले तेव्हा भट्टी बंद होती. ताईला सांगितलं तर ती उभ्या उभ्या शाल उसवून हातात ठेवेल आणि वर शिव्या देईल. म्हणून तिला सांगायचं नाही. शाल कोणी उसवायची नाही. फाटली तर ठिगळ लावायचं, पण शेवटच्या ओळीला हात लावायचा नाही. मी गेल्यावर ताईने विचारलं तर सांगा, ही पुन्हा कुठेतरी निघून गेली. तिला ते लगेच पटेल.

कलम पाच. काकांना "मी सांगितलं होतं" म्हणायची परवानगी आहे. एकदाच.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. तारीख: इथलं कॅलेंडर मागच्या वर्षीचं आहे, आज मंगळवार, एवढं नक्की.

सही (केली)

साक्षीदार पहिला: समोरचा घड्याळवाला. मजकूर वाचलेला नाही, गिऱ्हाईक थांबलंय.

साक्षीदार दुसरा: वेतवाला. कलम चार मला मान्य नाही. पण सही मजकुरासाठी नसते, शुद्धीसाठी असते असं ही म्हणते. तर लिहितो: मुलगी पूर्ण शुद्धीवर आहे. नसती तर बरं झालं असतं.