बॅगेला टाटा

बॅग कोण नेणार? दारात टाकून गेलीस, येता-जाता माझ्या पायात येत व्हती. आल्या रिक्षानं माघारी फिरायचं, चुलीवर चहाचं आधण तसंच. ही काय रीत झाली?

बेल्हे, संक्रांतीनंतरचा रविवार.
आशाबाईस सासूचा आशीर्वाद. आमी बरी हाय. तू फोन कट करतीस म्हणून लिहितीय. अक्षर वाकडं हाय, लावून वाच. तुझा नवरा म्हस्कू मेंढरं घिऊन कोकणात उतरलाय, त्याला यातलं काय कळवलेलं न्हाई. दादाभाऊचा टेम्पो तुझ्या कंपनीकडं चाकणला चाललाय, त्याच्याकडं चिठ्ठी देतीय.

तुझा शौर्य जेवतोय, बोलतोय. लोकरीची कातर दिसली की दोन बोटं उशीवर चालवतो आन "कात, कात" म्हणतो. शेजारच्या हिरानं मिक्सर घेतला, तो यानं एकदाच बघितला. आता कुठलंबी झाकण दिसू दे, वर तळहात दाबून "घुर्र" करतो. त्याच्यापुढं नव्या वस्तूचं पहिल्यांदा जे केलं, ती वस्तू त्याच्या लेखी तेवढ्यासाठीच.

म्हणून बॅगेचं सांगते. तू पहिल्यांदा कंपनीत कामाला निघालीस तवा पोर वासरावाणी हंबरलं. मला ऐकवंना. मग पुढं तू बॅग उचललीस की मी त्याचा हात धरून हलवायची, "टाटा कर, टाटा." त्याला खेळ झाला, रडं थांबलं. मी गावभर सांगितलं, नातू लई शाना हाय.

त्या दिवशी घरी येऊन तू दारात बॅग ठिवलीस, चपला काढायच्या आत त्यानं टाटा केला. तुला वाटलं, पोराला आई नको. बाई, त्यानं तुला केलाच न्हाई. बॅग मी कॉटखाली सारली, तर सकाळी उठून वाकतो आन तिला टाटा करतो. काल हिरानं ती उचलली, तर तिलाबी. हिरा म्हणती, "आवं मावशी, मला चहा पाजायच्या आधीच घालवतंय हे!"

मी बॅगेत बिस्किटं ठिवते, "ये, ये" करायला शिकवते. बिस्कीट खातो आन टाटा करतो. माझ्या हातनं आता ते पुसत न्हाई. बॅग रिकामी झालेली, तुझे ड्रेस दोरीवर वाळताना, आन सकाळी उठल्यावर तू चुलीपाशी, असं त्याला दिसलं पायजे.

इथंच थांबणार व्हते. पण तू पोराच्या हातामुळं गेली न्हाईस, हे मला ठाऊक हाय. त्यानं टाटा केला तवा मी हसले. मोठ्यानं हसले, आन वर म्हणाले, "बघ, तू ऱ्हायची न्हाईस, त्यालाबी कळतंय." तू माझ्याकडं बघितलंस तरी माझं तोंड मिटलं न्हाई. पोर माझंच झालं, असं वाटून बरं वाटलं व्हतं मला, आशा. तुझी रिक्षा वळणाआड गेली तवा ते बरं वाटणंबी गेलं.

माफी मागायची मला सवय न्हाई. या वयात जमतंय का, बघते.

सुट्टी काढून ऱ्हायला ये. दादाभाऊकडं तोंडी निरोप धाडायचा न्हाई, म्हस्कूला मधी घालायचं न्हाई. माझ्याशी बोलली न्हाईस तरी चालंल. पण जबाब तूच द्यायचा, आन तो पोराला द्यायचा.

बाळाबाई