आधी तुला, मग मला

बुधवार, १२ मार्च

चिमणे,

अनेक आशीर्वाद. तुझे फोन मी घेतले नाहीत. मोबाईल बिघडलेला नव्हता. फोनवर मी आरडाओरडा केला असता आणि तू त्या सर्वेक्षणातल्या गोड आवाजात "हं, हं" करत बसली असतीस. म्हणून हा कागद.

इकडे सगळं ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मशीनचा पट्टा तुटला होता तो बदलला. शेजारच्या काकू विचारत होत्या, "तुझी धाकटी अजून ट्रकवाल्यांना नको ते विचारत हिंडते का गं?" मी म्हटलं, हिंडते, आणि ते उत्तरंही देतात. कोण कुणाबरोबर झोपतं, निरोध वापरतं की नाही, हे कुणी विचारलंच नाही तर एचआयव्ही थांबायचा कसा? तुझी बाजू घेऊन भांडले हो मी. मग स्वतःचाच राग आला.

कारण उत्तरं देणाऱ्यांत तुझे भावोजी होते.

तुम्ही ट्रकतळावर तंबू टाकलात त्या दिवशी हे घरी आले ते डोळे सुजवून. विचारलं तर म्हणे धूळ गेली. अगं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा या माणसाच्या डोळ्यांत माझ्यासमोर पाण्याचं टिपूस आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला सहज बोलून गेला, "वहिनी, काल दादा बराच वेळ तुमच्या बहिणीच्या तंबूत होते. रडत बाहेर आले." माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. नाही, लिहितेच. मला वाटलं, तुमच्या दोघांचं काहीतरी आहे.

तशीच तुझ्याकडे आले, तर तू म्हणालीस, "ताई, कुणाची उत्तरं सांगायची नसतात. नियम आहे." आणि नात्यातल्या माणसाला विचारायचं नाही, हा नियम नव्हता? तो कसा मोडला ते मला मागाहून ह्यांच्याकडूनच कळलं. ज्याने ह्यांना विचारायचं तो तुझा सर्वेक्षणातला जोडीदार जेवायला गेला होता, हे म्हणाले, "आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही," आणि तू बसलीस ऐकायला. एक नियम त्यांच्यासाठी मोडलास, दुसरा माझ्या तोंडावर मारलास. वा गं वा!

लहानपणापासून हेच. बाबांची नोकरी गेली, ते त्यांनी आईच्याही आधी तुला सांगितलं. तू म्हणायचीस, समोर नाही बसायचं, शेजारी बसायचं, तोंडाकडे बघायचं नाही, मग माणूस बोलतो. मीही करून पाहिलं. ह्यांच्या शेजारी जाऊन भिंतीकडे बघत बसले. तर म्हणाले, "काय गं, मान आखडली का?"

शेवटी मागच्या रविवारी बोलले. लांबच्या फेरीत एका थांब्यावरची बाई. एकदाच नाही, अनेकदा. निरोध नाही. तू पाठवलंस म्हणून तपासून आले, आणि आहे. "आता तूही तपासून घे," म्हणाले. चिमणे, एकाही शब्दाला अडखळले नाहीत. तेव्हाच कळलं मला, हे सगळं एकदा बोलून झालंय. चाचरणं, रडणं, तोंड लपवणं तुझ्या वाट्याला, आणि बायकोच्या वाट्याला पाठ केलेलं. त्या बाईचा संताप आला, येणारच. पण खरं सांगू? तिच्यापेक्षा तुझा जास्त आला.

माझीही तपासणी झाली. सध्या काही निघालं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करायची, मग नक्की सांगतील. ह्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न चुकता रोज घेतल्या तर माणूस म्हातारा होऊनच मरतो. मी म्हटलं, म्हणजे मला अजून बरीच वर्षं सोसायचंय तर. त्या हसल्या. मी नाही हसले.

वेडी नाही मी. तू विचारलं नसतंस तर हे तपासायला गेले नसते आणि आज ना उद्या मलाही झालं असतं. कुणीही म्हणेल, बहिणीचे पाय धर. नाही धरवत गं. आभार मानायला गेले की तो तंबू डोळ्यांपुढे येतो आणि जीव जळतो.

पुढच्या तपासणीला हे म्हणतात, "मी येतो बरोबर." मी नको म्हणून सांगितलं. तू ये. निकाल काहीही असो, आधी तुला सांगेन. रडायचं झालं तर तुझ्यापुढे रडेन, पोटभर. ह्यांना घरी आल्यावर सांगेन, चहा झाल्यावर. कळू दे जरा, दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याला काय वाटतं ते.

ये मात्र नक्की. मला भीती वाटते.

अजून रागावलेली,
तुझीच ताई