दीपालीचं कुरण

प्रिय दीपाली,

अणदूरला सगळं ठीक. आजीचा गुडघा दुखतो, तरी खंडोबाच्या देवळापर्यंत चालत जाते आणि परत येऊन आमच्यावर चिडते. काळ्या शेळीला दोन करडं झाली. हे फोनवर सांगता आलं असतं. पण खरं सांगायचंय ते वेगळंच, आणि तुझा आवाज कानावर आला की मी पुन्हा शेळीवर येईन, म्हणून लिहितोय.

दिवाळीत जेवताना तू त्या राज्याच्या खेळाबद्दल सांगत होतीस. वसतिगृहाच्या कॉम्प्युटरवर तुम्ही मुली रविवारी खेळायचात. किल्ले बांधायचे, धान्य साठवायचं, शेजारच्या राजाशी लढायचं नाहीतर तह करायचा. तू लढाई टाळलीस. अर्धी जमीन कुरण म्हणून मोकळी ठेवलीस आणि तह केलास, सुगी झाली की आमची मेंढरं तुमच्या रानात बसवू, तुम्हाला खत, आम्हाला धान्य. मेंढपाळांच्या म्होरक्याचं नाव ठेवलंस बिराप्पा, माझ्या वडिलांचं. हसावं की डोळे पुसावेत, मला कळेना. मग म्हणालीस, कुणीतरी खेळ वाईट ठरवला आणि वसतिगृहाच्या बाईंनी तो काढून टाकला. "अण्णा, तुम्ही तिथं असता तर होऊ दिलं नसतं." मी कालवण मागितलं आणि ताटात बघत बसलो. तू गेल्यावर आजी म्हणाली, "लेकरू लई हिरमुसलंय. डाव कुणी मोडला रं तिचा?" मी तिच्यावर उगाच खेकसलो.

गेल्या आठवड्यात सोमलिंगच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी तो खेळ खेळलो. इतकी वर्षं इतिहास शिकवतोय, राज्य चालवणं काय अवघड, असं वाटलं. पहिलं काम काय केलं असेल, तर घोड्यांना चारा हवा म्हणून कुरणाला कुंपण घातलं. मेंढपाळ निघून गेले. धान्य संपलं, तसं शेजाऱ्याचं गाव पेटवलं. सोमलिंग हसत होता. मला मात्र लहानपणी आम्हाला मेंढरांसकट रानातून हाकलणारे लोक आठवत होते. लाज वाटली गं. त्या खेळात गाव जाळता येतं, तसं कुरणही राखता येतं. अगदी बारक्या पोरांजवळ मोठं माणूस बसायला हवं, हे मी अजूनही म्हणेन. पण तुमच्या वयाच्या मुलींना त्यात वाईट काही नाही.

हे मला आधी कळायला हवं होतं. श्रावणात तुमच्या बाईंनी मला धाराशिवला बोलावलं होतं, इतिहासाचे शिक्षक आहात, हा खेळ मुलींना चालेल का बघा म्हणून. तू तेव्हा वर्गात होतीस. सुरुवातीलाच एक जळतं गाव दिसलं, तेवढ्यावर मी चालणार नाही म्हणालो आणि उठलो. बस गाठायची होती. कोणत्या मुलीनं त्यात काय उभं केलंय, हे विचारलंसुद्धा नाही. शनिवारी पालकांच्या बैठकीत हे सगळ्यांसमोर सांगून खेळ परत मागणार आहे. तुझं राज्य मात्र पुसलं गेलं, ते आता येणार नाही. बैठकीतलं तुला कुणीही सांगेल, त्याआधी माझ्याकडून ऐक. तू म्हणालीस, मी तिथं असतो तर. दीपा, मी तिथंच होतो.

तुझाच,
अण्णा