काळ्या बॉनेटमधला दादा

३ मार्च, सोमवार
संकल्प: इस्टरला चर्चमध्ये बेसचा, म्हणजे खर्जातला, सोलो मीच म्हणणार. तोवर तेलकट बंद, वजन कमी. वजन तर आपोआपच उतरतंय. बेल्टला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. ग्लॅडिस म्हणाली, अहो, डाएटनं माणूस असा झडत नाही. बायकोला नवऱ्याची प्रगती बघवत नाही, दुसरं काय!
कंपनीत पेंटच्या लाईनवर गाडीच्या पांढऱ्या पार्टमध्ये पिवळट झाक पकडली. अख्खा लॉट रिवर्कला, म्हणजे खरवडून पुन्हा रंगवायला. शेड तपासावी तर बन्यामीननंच, असं सगळं रांजणगाव म्हणतं. निदान आमची लाईन तरी. डायरीला खोटं कशाला सांगू.
स्वतःला शेरा: पास.

९ मार्च, रविवार
खाज. हात, पाय, पाठ. साबण बदलला. लघवी कोऱ्या चहासारखी. उन्हाळा आहे, होणारच.
ग्लॅडिस म्हणते डोळे पिवळे दिसतात. हॉलमधला बल्ब वॉर्म व्हाइट आहे. तिला शेडमधलं काय कळतं!
मग तिनं केल्विनदादाचा विषय काढला. माझा थोरला भाऊ, दौंडला रेल्वेत होता. तीन वर्षांपूर्वी पिवळा पडला. आज नाकात औषध, उद्या माळ, असं करत बसला. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरकडे नेला तेव्हा उशीर झाला होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पण त्याचं वेगळं. त्याला तंबाखू होती. मी फक्त तपकीर ओढतो, ती पण सर्दीपुरती.

१४ मार्च, शुक्रवार
लिहू की नको कळत नाही. काळ्या बॉनेटचा लॉट आला. वाकून फिनिश बघत होतो, तर आतून दादा बघत होता. गाल बसलेले, डोळे हळदीचे. शेवटच्या महिन्यात होता तसाच. हातातली बॅटरी सुटली. मी मान फिरवली, त्यानंही फिरवली. रागावलाय. नाताळात दौंडला कबरीवर फुलं ठेवायला गेलो नाही, त्याचंच असणार.

१९ मार्च, बुधवार
भर दुपारी स्टॉपवर कंपनीची बस येऊन थांबली. दाराच्या काचेत दादा, माझ्याआधी चढून उभा. दार उघडलं तर आत कुणी नाही. पार रांजणगावपर्यंत उभा राहून गेलो, सीटवर टेकलो नाही. कुठल्या सीटवर तो बसलाय, कुणी सांगावं?
घरी आल्यावर बेसिनवरचा आरसा काढून कपाटामागं ठेवला. स्क्रू ढिले होते. आता दाढी वाढवणार. बेसवाल्याला शोभते.

२३ मार्च, रविवार
लाईनवरचा जोडीदार ज्ञानू निमोण्याचा. म्हणाला, सायेब, डोळं पिवळंधमक झाल्यात, आमच्याकडं एक आजी माळ घालती, कावीळ उतरती. मला कावीळ नाही. पण उतरवून घेतलेली बरी. चर्च सुटल्यावर गेलो. पास्टरसाहेबांना कळायचं कारण नाही, माळ म्हणजे शेवटी झाडपालाच. आजी म्हणाली, लांबत लांबत पायापातुर आली की समजायचं गेली कावीळ. वर उसाचा रस.

१ एप्रिल, मंगळवार
माळ पोटापर्यंत आली! ग्लॅडिसला शर्ट वर करून दाखवली. ती ओट्याला टेकून रडायलाच लागली. म्हणाली, केल्विनभाऊजींची पण पायापर्यंत आली होती.
मी म्हणालो, त्याची गाठ सैल बांधली असेल. पण मग जेवण गेलं नाही.
तिनं पुण्याला पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या स्पेशालिस्टची वेळ घेतलीय, गुरुवारची. गुरुवारी माझी फर्स्ट शिफ्ट असते. बघू.

९ एप्रिल, बुधवार
गुरुवार गेला. तिनं पुन्हा सोमवार घेतला, त्या दिवशी कॉयरची प्रॅक्टिस निघाली. माझा नाइलाज. प्रॅक्टिसला खालचा सूर लागेना. पेटीच उतरलीय त्यांची.
आज दादा पुन्हा बॉनेटमध्ये. दाढी वाढवलीय त्यानं. मेल्यावर कसली फॅशन! हसू आलं, आणि तोही हसला. उद्यापासून बॉनेटकडं बघायचंच नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
घात झाला. काळा लॉट मी नजर वर करून पास करत होतो. तो ओरखड्यांसकट गिऱ्हाइकाकडं गेला. मॅनेजरनी बोलावून विचारलं, बन्यामीन, तुमच्या हातून? मी खरं ते सांगितलं, बॉनेटमध्ये माझा वारलेला भाऊ दिसतो. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, आधी डॉक्टरला दाखवून या, त्याशिवाय लाईनवर यायचं नाही.
शिफ्टचं कारण संपलं.

१७ एप्रिल, गुरुवार. पुणे.
हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार स्टीलचं, लखलखीत. दार बंद झालं आणि दादा समोर. पळायला जागा नव्हती. मी हात पुढं करून म्हणालो, दादा, नाताळात आलो नाही, चुकलं माझं, पण मला नेऊ नको रे.
मग बघितलं. दादाच्या शेजारी ग्लॅडिस उभी होती, त्याचा दुसरा हात घट्ट धरून.
ग्लॅडिसनं तर माझा हात धरला होता.

१९ एप्रिल, शनिवार. हॉस्पिटल.
डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे, तिनं पित्ताची नळी दाबलीय, म्हणून हा रंग. आधी तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट बसवतील, मग मोठं ऑपरेशन. ग्लॅडिसनं विचारलं, उशीर झाला का. ते म्हणाले, पसरलेली दिसत नाही, पण खरं पोट उघडल्यावरच कळेल. आणखी थांबला असतात तर मी हेही म्हणालो नसतो.
माळ सिस्टरनं कात्रीनं कापली. गुडघ्यापर्यंत आली होती.
उद्या इस्टर. सोलो दुसरं कुणीतरी म्हणेल.
संध्याकाळी ग्लॅडिसकडून तिच्या पर्समधला आरसा मागून घेतला. खिडकीत, उजेडात, नीट धरून तपासला. दादा नव्हता. बन्यामीन होता, पिवळा. एवढी वर्षं दुसऱ्यांची शेड पकडली.
फार भीती वाटते. डायरीला खोटं कशाला सांगू.
शेरा: रिवर्क.